नाव कुणाचं उमटतं?

(दहिवलीच्या बुद्धविहारात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



मला सांगितलंय, कलेवर बोल. कलेवर बोलायचं म्हणजे घसा साफ करून 'सौंदर्य', 'अभिव्यक्ती' असले जड शब्द काढायचे, अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. मी मातीवर बोलणार. माती आपल्या ओळखीची आहे.

मी मुंबईच्या एका कलाशाळेत मातीकाम आणि शिल्प शिकले. पहाटेची कर्जत लोकल, परतीला शेवटून दुसरी. पहिल्या दिवशी सरांनी माती मळायला दिली. कणीक मळतात तशी, पण जोर लावून. आत हवा राहिली तर भांडं बिघडतं. मी मळू लागले. सर बघत होते. म्हणाले, "वा! तुमच्या लोकांना मातीची सवय असतेच." वर्ग हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

सवय होतीच. माझी आय वीटभट्टीवर विटा थापायची. दिवाळी झाली की उचल घ्यायची आणि पाऊस येईपर्यंत फेडत बसायचं. बाजूला कातकऱ्यांची बिऱ्हाडं, त्यांचंही तेच. मजुरी हजार विटांवर. अवकाळी पाऊस पडून कच्च्या विटा विरघळल्या, की त्या विटा मोजायच्या नाहीत. पाऊस आभाळाचा, माती मालकाची, नुकसान आयचं.

एक गोष्ट मी लहानपणी रोज बघितली, पण मला ती दिसली नाही. विटेच्या साच्यात अक्षरं असायची. मालकाच्या नावाची. आय गारा कालवायची, साच्यात दाबायची, साचा उपडा करायची. वीट आयची. नाव मालकाचं. दिवसाला शेकडो वेळा आयच्या हाताने मालक सही करायचा.

कलाशाळेत माझं पहिलं मोठं काम भट्टीत फुटलं. साधं फुटलं नाही, स्फोटच झाला. शेजारच्या दोघांच्या कामाचे कानकोपरे उडाले. कुणीतरी मागून म्हणालं, "कोट्यातलं काम असंच असतं." मी रात्री घरी येऊन आयला सांगितलं. शब्द सांगितले नाहीत, फक्त काम फुटल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "ओली वीट कुनी भट्टीत घालतं का गं बाय? गालाला लावून बघावं. गार लागली तर आत पानी हाय."

दोन महिन्यांनी लायब्ररीत मातीकामाचं एक जाड इंग्रजी पुस्तक उघडलं. त्यात तेच! वस्तू गालाला लावा, गार लागली तर सुकलेली नाही. जाड वस्तूच्या आत ओल राहिली, की शंभर अंशांवर तिची वाफ होते आणि वस्तू फुटते. पुस्तकावर लेखकाचं नाव होतं, प्रकाशकाचं होतं. तेच ज्ञान माझ्या आयकडे होतं. त्याच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. तिच्याकडे होतं तेव्हा ते 'सवय' होतं. पुस्तकात गेलं आणि 'शास्त्र' झालं. ही चोरी आपल्या कुणाला दिसत नाही, कारण चोरी गेलेली वस्तू जागेवरच असते.

वर्गात मडक्याचा इतिहास शिकवला. ग्रीसची भांडी, चीनचं पोर्सेलीन, जपानचे चहाचे कटोरे. सगळं शिकले, आवडीने शिकले. पण आमचं मडकं त्यात नव्हतं. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मातीचं मडकं असायचं, त्याची थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे लिहून ठेवलंय. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ ला आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. मग सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं. कशाने? १०८ मडकी आणि पंचगव्य! पितळेचं भांडं बाटलं तर घासून, विस्तवावर धरून चालायचं. मातीचं बाटलं की फेकायचं. का, तर माती पाणी शोषते. मातीचा हा गुण आहे आणि त्या गुणावर यांनी जात उभी केली. मग सांगा, मातीकामाच्या इतिहासात हे कुठल्या तासाला येणार?

शेवटच्या वर्षाला मी एक मडकं केलं. कानाखाली दोन भोकं, ओवायला दोरी. परीक्षक म्हणाले, "आकार चांगला आहे, पण याचा उपयोग काय?" मी म्हणाले, "सर, उपयोग होऊन गेलाय." ते म्हणाले, "कलेत हे कशाला आणता?" मी म्हणाले, "मी आणलं नाही. मातीत होतंच." मार्क बेताचे पडले. पडू दे.

आता जवळची गोष्ट. राजमाचीच्या पायथ्याला, उल्हासच्या वरच्या अंगाला कोंडाणे लेणी आहेत. आपल्या तालुक्यातली. आपण तिथे पावसाळ्यात धबधब्याला जातो. दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध चैत्यगृह आहे ते. दगडात लाकडासारखं काम केलंय. तिथे एका भंगलेल्या मूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मी अक्षरं आहेत. अर्थ असा : कान्हाचा अंतेवासी बलक याने हे केलं. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. शागीर्द. माझ्यासारखाच एक विद्यार्थी! त्याने राजाचं नाव नाही कोरलं. गुरूचं कोरलं आणि आपलं कोरलं. तिथे मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला रडू आलं. दोन हजार वर्षांपूर्वी याच नदीकाठी एका शिकाऊ कारागिराला सही करता येत होती. आणि माझी आय? तिने आयुष्यात किती लाख विटा थापल्या असतील. तिची सही कुठेय?

आणि आपण तरी काय करतो? वर्गणी काढतो, पुतळा आणतो, चौथरा बांधतो. पाटीवर अध्यक्ष, देणगीदार, उद्घाटक. घडवणारा कुठेय? कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० ला, बाबासाहेब हयात असताना, त्यांचा पुतळा उभा राहिला. तो बाळ चव्हाणांनी घडवला. संसदेच्या आवारात १९६७ साली बसलेला पुतळा ब्रह्मेश वाघांचा. इथल्या किती जणांना ही नावं ठाऊक होती? हात वर करू नका, मलाही ठाऊक नव्हती. हाताला नाव नाकारणं, यालाच आपण जात म्हणतो ना? मग आपल्याच चौथऱ्यावर ती कशाला?

म्हणून सांगते, कविता लिहा, भाषणं करा, पण माती हातात घ्या. साचे शिका, भट्टी शिका. पुतळा बघायला शिका, घडवायला शिका. आणि केलेल्या कामावर नाव घाला.

शेवटचं सांगते आणि बसते. माती साधारण पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे तापली की तिच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं. मग ती कितीही भिजवा, परत चिखल होत नाही. मी विटेचा एक साचा केलाय. त्यात आयचं नाव उलटं कोरलं, म्हणजे विटेवर सुलटं उमटतं. पहिली वीट सुकल्यावर तिच्यापुढे ठेवली. तिला वाचता येत नाही. अक्षरांवरून बोट फिरवून म्हणाली, "कुन्या मालकाचं गं?" म्हटलं, "तुझं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग वीट उचलून गालाला लावली आणि म्हणाली, "सुकलीय. लाव भट्टीत."

जयभीम.