खाज, लोशन आणि मेंदू
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी पेशाने आयटी कन्सल्टंट, शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं. तेव्हा मी इथे डॉक्टरकी करायला उभा नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण आमच्या धंद्यात एक सवय लागते : कुठलीही गोष्ट वापरण्याआधी तिचं मॅन्युअल वाचायचं. आज आपण खरजेच्या औषधाचं मॅन्युअल वाचू या.

हसू नका! खरूज म्हटलं की आपण लगेच नाक मुरडतो. पण तिचा अस्वच्छतेशी फारसा संबंध नाही. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान किडा कातडीत शिरतो आणि अंगाला अंग लागून पसरतो, बस्. जर्मनीत तिला 'क्रेट्झे' म्हणतात आणि 2010 नंतर इथे तिचे रुग्ण वाढले आहेत. माझ्या मुलीच्या किंडरगार्टनच्या दारावरही एकदा तसा कागद लागला होता. इथल्या संसर्ग-संरक्षण कायद्याच्या कलम 34 प्रमाणे, डॉक्टरांच्या मते संसर्गाची भीती संपेपर्यंत अशा मुलाला शाळेत किंवा किंडरगार्टनमध्ये येता येत नाही. मग आईबाबांची सुट्टी, ऑफिसची बोलणी, आणि कुणाला सांगायची लाज. अशा वेळी हात कुठे जातो? भारतातून आणलेल्या औषधांच्या डब्याकडे!

त्या डब्यात एखादी जुनी बाटली असेल तर तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा. 'गॅमा बेंझीन हेक्झाक्लोराईड' किंवा 'लिंडेन' लिहिलं असेल तर ती बाजूला ठेवा. आपल्या आजी-आजोबांना गॅमॅक्झिन पावडर आठवत असेल, ढेकूण-मुंग्यांसाठी मारायची ती. तिच्यातला खरा मारक भाग म्हणजेच हे लिंडेन. टॉयनिस व्हॅन डर लिंडेन ह्या डच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये तो वेगळा काढला, म्हणून हे नाव.

आता ते काम कसं करतं बघा. आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. लिंडेन नेमकं त्या ब्रेकमध्येच अडसर घालतं. ब्रेक लागला नाही की मज्जापेशी सुसाट सुटतात. किडा असाच मरतो. पण हा ब्रेक माणसालाही आहे ना! औषध कातडीतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत गेलं, तर चक्कर, उलट्या, कंप आणि शेवटी आकडी येऊ शकते. 1974 च्या एका प्रयोगात हातावर लावलेल्या लिंडेनपैकी सुमारे 9 टक्के शरीरात शिरल्याचं दिसलं. लहान मुलांचं वजन कमी आणि त्या मानाने कातडी जास्त, म्हणून धोकाही त्यांना जास्त.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2003 मध्ये ह्यावर कडक इशारा दिला. आकडी आणि मृत्यूच्या घटना बहुतेक पुन्हापुन्हा किंवा जास्त वेळ लावल्यामुळे घडल्या होत्या, पण क्वचित एकदाच, सूचनेप्रमाणे लावूनही. 50 किलोपेक्षा कमी वजनाच्या माणसांबद्दल त्यात खास सावधगिरी सांगितली होती. युरोपीय संघात औषध म्हणून त्याचा वापर 2007 अखेर संपला. भारतात 2013 पासून शेतीसाठी बंदी आली, पण खरजेच्या लोशनमध्ये ते त्यानंतरही मिळत राहिलं. म्हणून तर डबा तपासायचा!

मग इथे काय देतात? बहुधा 5 टक्के परमेथ्रिनचं मलम. तेही किड्याच्या मज्जातंतूंवरच घाव घालतं, पण आपल्या कातडीतून फार थोडं, 2 टक्क्यांहून कमी, आत जातं आणि शरीर ते लवकर मोडून टाकतं. लावलेल्या जागी जळजळ, मुंग्या येऊ शकतात, त्या थोड्या वेळाने जातात. मात्र घरात मांजर असेल तर सांभाळा. मांजराच्या यकृताला हे औषध नीट मोडता येत नाही. त्याला झटके येऊन जीवही जाऊ शकतो. 2016 पासून जर्मनीत आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही मिळतात, पण 15 किलोखालच्या मुलांना त्या सहसा देत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहते, कारण मेलेल्या किड्यांचे अवशेष कातडीत असतात. आणि आपण काय करतो? 'गेली नाही वाटतं' म्हणून पुन्हा चोपडतो! बिघाड तिथेच होतो. दुसरा हात कधी द्यायचा ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आपल्याकडची दुसरी सवय म्हणजे कढत पाण्याने घासून आंघोळ करायची आणि लगेच औषध लावायचं. गरम, ओल्या, खरचटलेल्या कातडीतून औषध जास्त आत जातं. अंग थंड आणि कोरडं होऊ द्या. सांगितलेल्या तासांनी धुवून टाका. घरातल्या सगळ्यांवर एकाच वेळी उपचार करा, नाहीतर ते पाहुणे फिरून परत येतात. दोन महिन्यांखालचं बाळ असेल किंवा घरात बाळंतपण जवळ आलं असेल, तर आधी डॉक्टर, मग मलम.

औषध लावल्यावर मूल सुस्त झालं, थरथरायला लागलं, तर अंग धुवा आणि बर्लिनच्या विषबाधा केंद्राला 030-19240 वर फोन करा. आकडी आली तर थेट 112. बाटली हाताशी ठेवा, नाव वाचून सांगता येतं.

तेव्हा मंडळी, दिवाळीच्या साफसफाईत फराळाच्या डब्यांबरोबर औषधांचा डबाही काढा. जुनी बाटली सापडली तर ती ओतून देऊ नका, इथल्या घातक कचऱ्याच्या केंद्रात नेऊन द्या. आणि कुणाकडे खरूज आली असेल तर त्यांना टाळू नका, फोन करून विचारा काय हवं-नको ते.

सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा!