खळ्यावरचं वारं आणि गच्चीवरची पवनचक्की

श्रोतेहो, मळणीयंत्र येण्याआधी ज्यांनी स्वतःच्या हातानं ज्वारी उपणली, अशी काही मंडळी आज या मंडपात मागच्या रांगेत बसलेली दिसतात. त्यांना विचारतो, तुम्ही खळं कुठं करत होता? झाडाखाली? वाड्याच्या आडोशाला? कुणीच नाही. मोकळ्या उंचवट्यावर जागा धरायची, सारवून घ्यायची, वावडीवर चढून पाटी डोक्याच्या वर धरायची. वारं पडलं की खाली उतरून तंबाखू मळत बसायचं. छोट्या पवनचक्कीबद्दल मला जे सांगायचंय, त्यातलं निम्मं एवढ्यात आलं.

उरलेलं निम्मं एका शाळेच्या गच्चीवर शिकलो. शाळेचं नाव नको. तिथं मोठ्या हौसेनं तीन पात्यांची चक्की बसवली होती. बाजूला पाण्याची टाकी, पलीकडे कडुलिंब. त्यांच्यावर आपटून आलेलं वारं घोळत यायचं आणि चक्कीची शेपटी दर मिनिटाला तोंड फिरवायची. पाती फिरताना दिसायची, म्हणून सगळे खूश. पण बॅटरी भरत नव्हती, आणि खालच्या वर्गात स्लॅब घुमायचा तो वेगळाच. पाहुण्यांना दाखवायला ती छान होती, एवढंच म्हणेन.

असं का होतं? वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट. 3 मीटर व्यासाची चक्की घ्या. सेकंदाला 4 मीटर, म्हणजे ताशी साधारण 14 किलोमीटर वारं असेल, तर हाती लागतात जेमतेम 60 वॅट. म्हणजे छताचा एक पंखा. तेच वारं 8 मीटरनं वाहिलं की 500 वॅट. विक्रेता जिला ‘एक किलोवॉटची’ म्हणतो, ती तेवढी वीज 11-12 मीटरच्या वाऱ्यालाच देते. ते वारं आपल्याकडे वळवाच्या वावटळीत येतं, तेव्हा चक्कीपेक्षा पत्रे सांभाळायचे असतात. शिवाय वाऱ्यातली सगळी शक्ती काढून घेता येत नाही. 59.3 टक्क्यांच्या वर कुठलीच चक्की जात नाही, हे बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं 1919 सालीच गणितानं दाखवून दिलंय. छोट्या चक्कीला 25 टक्के मिळाले तरी पुष्कळ.

पाटोदा, भूम, वाशीकडच्या पठारांवर फिरणारे अजस्र पंखे पाहून कुणी म्हणेल, तिथं चालतं मग इथं का नाही? अहो, तिथला नवा पंखा शंभर मीटर किंवा त्याहून उंच असतो. आपली पाईपवरची चक्की तीस-चाळीस फुटांवर. नियम साधा आहे: आसपास शंभर मीटरच्या आत जे काही उंच असेल, त्याच्यापेक्षा निदान तीस फूट वर पाती हवीत. म्हणजे खर्च चक्कीपेक्षा खांबाचा.

आता ग्रीडला जोडायची की सुटी ठेवायची? ग्रीडला जोडली तर बॅटरी लागत नाही, उरलेली वीज महावितरणच्या तारेत जाते आणि नेट मीटरवर तिचा हिशोब होतो. पण लाईट गेली की अशी चक्कीही वीज द्यायची थांबते. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून शॉक बसू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. भारनियमनाला कंटाळून चक्की घेणाऱ्याला हे आधी कुणी सांगत नाही.

सुटी चक्की बॅटरीवर चालते. तिचीही एक खोड आहे. बॅटरी भरली की सोलरची तार काढून ठेवली तरी बिघडत नाही. चक्कीचा भार काढला तर ती मोकाट सुटते, पाती फुटतात. म्हणून जादा वीज जाळायला हीटरसारखी तार जोडावी लागते. बॅटरीवरची चक्की काही नवी नाही. स्कॉटलंडात जेम्स ब्लाइथ नावाच्या प्राध्यापकानं 1887 साली कापडी शिडांची चक्की लावून बॅटऱ्या भरल्या आणि स्वतःचं घर उजळलं. उरलेली वीज गावच्या रस्त्याला देऊ केली, तर गावकरी म्हणाले, हे सैतानाचं काम, नको.

पाच एचपीची मोटार छोट्या चक्कीवर चालणार नाही, हे स्पष्ट सांगतो. तिथं सोलरच स्वस्त, आणि त्यात झिजणारं बेअरिंगही नाही. पण मृगापासून पोळ्यापर्यंत आभाळ गच्च असतं, पॅनेल सुस्त पडतं, आणि नेमकं तेव्हाच नैर्ऋत्येचं वारं रात्रंदिवस वाहतं. डोंगरकडेचा तांडा, आखाड्यावरचे दोन दिवे, मोबाईलचं चार्जिंग, रानडुकरांसाठीचं झटका मशीन, अशा थोड्या भाराला सोलरच्या जोडीला छोटी चक्की शोभते. हिवाळ्यात ती बहुतेक झोपेल, तेव्हा ऊन आहेच.

म्हणून मागणं एकच. कॉलेजच्या पोरांनी टेकडीवर तीस फुटी पाईप उभा करावा, त्यावर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र लावावं आणि बारा महिने वहीत नोंद ठेवावी. पुढच्या वर्षी याच मंडपात ती वही कुणीतरी वाचून दाखवावी. तोवर चक्की विकायला कुणी आला, तर त्याला चहा पाजा, ॲडव्हान्स देऊ नका.