मोटारीचं नाक आणि आपला पाऊस



पावसाळ्यात एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणात ट्रॅक्टर उभा असला, तर त्याच्याकडं एकवार नीट बघा. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या पुढच्या झाकणातून, म्हणजे बॉनेटमधून, दोन नळ्या वर आलेल्या दिसतील. एक धुराची. तिच्या तोंडावर मालकानं रात्री पत्र्याचा रिकामा डबा पालथा घातलेला असतो. सकाळी तो काढायला विसरलं, की ट्रॅक्टर सुरू होताच डबा उडून परसात पडतो आणि पोरांची करमणूक होते. दुसरी नळी हवा आत घेण्याची. तिच्यावर कारखान्यातूनच कुत्र्याच्या छत्रीसारखी एक टोपी बसून येते. ती रोज काढावी लागत नाही. भर पावसात चिखलणी चालू असते, आणि त्या टोपीच्या कडेखालून इंजिन बिनघोर श्वास घेत असतं.

डबा पाऊस अडवतो, पण वाटही बंद करतो. टोपी पाऊस अडवते आणि वाट मोकळी ठेवते. आज मला बोलायचं आहे ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल. मोटारीच्या इंजिनालाही असंच नाक असतं, आणि त्यावर नीट टोपी नसली तर काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

मी काही यंत्रांतला जाणकार नव्हे. कॉलेजात गणित शिकवतो. हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो माझ्या चुलतभावाच्या जीपमुळं. तो गगनबावड्याच्या बाजूला वडाप करतो. आमच्या कोल्हापूरकडं खेडोपाडी उतारू नेणाऱ्या भाड्याच्या जीपला वडाप म्हणतात. त्याची जीप उन्हाळ्यात घाट चढताना तापायची. त्यानं एका गॅरेजात दाखवली. तिथल्या माणसानं बॉनेटला दोन मोठी भोकं पाडली, त्यांवर माशाच्या कल्ल्यांसारखे उंचवटे उठवले, आणि कल्ल्यांची तोंडं पुढं ठेवली. वारा सरळ आत शिरावा, असा हिशेब. खरं सांगायचं तर रेडिएटरच्या जाळीतला कचरा धुऊन काढला असता तरी बरंच भागलं असतं. पण तो सल्ला फुकटचा, आणि फुकटच्या सल्ल्याला कोण विचारतो? उन्हाळाभर जीप ठीक चालली. दिसायलाही ऐटबाज झाली.

जूनमध्ये पाऊस लागला. गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वर्णन नको. करूळ घाटातून वर येताना इंजिन खोकू लागलं, ओढ कमी झाली, 'खट्' असा आवाज झाला आणि जीप जागच्या जागी थांबली. भावानं तीनदा किल्ली फिरवली. ती तीन वेळची किल्ली त्याला फार महागात पडली. इंजिन उघडलं तेव्हा दोन सिलिंडरांचे कनेक्टिंग रॉड वाकलेले निघाले. शाळा सुरू होण्याचा हंगाम, म्हणजे त्याच्या कमाईचे दिवस. ते दोन महिने जीप गॅरेजात पडून राहिली. हप्ते काही थांबले नाहीत. दारची दुभती म्हैस विकावी लागली.

तेव्हा त्यानं मला विचारलं, "दादा, पाऊस पडतोय वरनं आणि कल्ल्याचं तोंड हाय पुढं. मग पाणी आत गेलंच कसं?"

प्रश्न मला आवडला. परीक्षेत घालावा असा आहे. दोन मिलिमीटर जाडीचा पावसाचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगानं खाली येतो, म्हणजे तासाला साधारण २३ किलोमीटर. आता जीप चाळीस-पंचेचाळीसच्या वेगानं चालली आहे असं धरा. थेंब एक हात खाली येईतो जीप जवळजवळ दोन हात पुढं गेलेली असते. म्हणजे जीपच्या दृष्टीनं पाऊस वरून पडतच नाही, तो समोरून येतो. सायकलवाला छत्री डोक्यावर सरळ न धरता पुढं कलती धरतो, ती याच कारणानं. सायकलवाल्याला जे कळतं, ते बॉनेटला भोक पाडणाराच्या ध्यानात आलं नाही.

आता आत काय झालं ते बघा. इंजिनाला इंधनापेक्षा हवा कितीतरी जास्त लागते. एक किलो पेट्रोल नीट जळायला पंधरा किलोच्या आसपास हवा हवी. भावाच्या जीपचं इंजिन अडीच लिटरचं, डिझेलचं. अशा इंजिनाच्या चार सिलिंडरांत मिळून दोन फेऱ्यांत अडीच लिटर हवा जाते. मिनिटाला २,४०० फेऱ्या होत असतील, तर हिशेब ३,००० लिटरचा येतो. दोनशे लिटरची पंधरा बॅरल हवा, दर मिनिटाला! ही हवा एका डब्यातून गाळून जाते. डब्यात कागदाची गाळणी असते, तळाला पाणी निथळायला एक बारीक छिद्र असतं. भावाच्या जीपमध्ये या डब्याचं तोंड नेमकं डाव्या कल्ल्याखाली आलं होतं, आणि तळाचं छिद्र तांबड्या चिखलानं केव्हाच बुजलेलं. कल्ल्यातून आलेलं पाणी डब्यात साचत राहिलं. कागद भिजून लगदा झाला, म्हणून इंजिन खोकलं. घाटाच्या चढावर डबा कलला, आणि साचलेलं पाणी इंजिनानं एका घोटात ओढलं.

किती पाणी लागतं यासाठी? इथं ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटेल. त्या इंजिनाच्या एका सिलिंडरात ६२५ सीसी हवा येते. डिझेल इंजिन ती हवा दाबून सुमारे अठराव्या हिश्शावर आणतं. दट्ट्या पार वर गेला की त्याच्या डोक्यावर जागा उरते ती अवघी ३७ सीसी. कटिंग चहाचा अर्धा ग्लासही त्यात जेमतेम मावेल. पाणी त्याहून जास्त झालं, तर ते जाणार कुठं? हवा दबते, पाणी दबत नाही. वरून पाणी हटत नाही, खालून दट्ट्या जोर करतो, आणि मधला रॉड वाकतो.

शिक्षक-बंधुभगिनींनी हे वर्गात जरूर दाखवावं. इंजेक्शनची एक नवी पिचकारी घ्या, सुई अजिबात लावू नका. आत हवा भरून टोकावर अंगठा घट्ट धरा आणि दट्ट्या दाबा. बराच आत जाईल. मग तीत पाणी भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, आणि पुन्हा दाबा. वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा पुढं बोलवा. त्यालाही जमणार नाही. माझ्या भावाला मी हेच दाखवलं. तो बराच वेळ पिचकारीकडं बघत बसला, आणि म्हणाला, "म्हणजे मी तीनदा किल्ली मारली, तवाच रॉड गेलं." सगळे तेव्हाच गेले असं नाही, पण त्याचं म्हणणं बरंचसं खरं होतं.

याचा अर्थ ओल्या हवेला भ्यायचं असा मात्र नाही. धुकं, तुषार, दमट वारा यांनी इंजिनाचं काही बिघडत नाही. दुसऱ्या महायुद्धात काही लढाऊ विमानांच्या इंजिनांत मुद्दाम पाण्याचं मिश्रण फवारत, जास्त जोर काढता यावा म्हणून. प्रश्न फवाऱ्याचा नसून घोटाचा आहे.

मग बॉनेटला हवेची वाट ठेवूच नये का? ठेवावी. पण आपली घरं बघून ठेवावी. मराठवाड्यात, खानदेशात धाब्याच्या घराला उजेडासाठी नि धुरासाठी वर एक भोक असतं, साणं म्हणतात त्याला. पाऊस आला की त्यावर घमेलं पालथं घालायचं. पाऊस थांबतो, पण धूर घरातच कोंडतो आणि घरधनीण डोळे चोळत बसते. हा ट्रॅक्टरच्या डब्याचा प्रकार. कोकणातलं कौलारू घर मात्र जास्त हुशार. तिथं चुलीचा धूर कौलांच्या सांधींतून सावकाश बाहेर पडतो, आणि मुसळधार पाऊस त्याच कौलांवरून खाली पन्हळीत जातो. वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर चढलेली असते, एवढंच त्याचं रहस्य. हवेला आणि धुराला वळण घेता येतं. जड थेंबाला घेता येत नाही. तुम्ही धान्य उफणता तेव्हा दुसरं काय होतं? भूस वाऱ्याबरोबर वळतं, दाणा सरळ खाली पडतो.

बॉनेटची चांगली जाळी अशीच असते. पत्र्याला आडव्या चिरा द्यायच्या आणि प्रत्येक चिरेवरची कड खिडकीच्या झिलमिलीसारखी उचलायची; तोंडं मागच्या बाजूला, काचेकडं. समोरून येणारं पाणी पाठीवरून घसरून जातं, आतली गरम हवा मागून निघते. गाडी चालत असताना बॉनेटच्या पुढच्या भागावर हवेचा दाब कमी असतो आणि काचेच्या बुडाशी जास्त. म्हणून गरम हवा बाहेर काढायची चीर पुढच्या अर्ध्यात चांगली. १९२७ ते १९३१ या काळात निघालेल्या फोर्डच्या मॉडेल ए गाडीला तर अशा चिरा बॉनेटच्या दोन्ही उभ्या बाजूंना होत्या. तिथं पाऊस सरळ पडतच नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

एक अडचण मात्र उरते. उभ्या गाडीवर पाऊस सरळ वरून पडतो, आणि चिरेतून थोडं पाणी आत येतंच. त्यासाठी चिरेखाली एक तबक हवं, आणि तबकाला पाणी बाजूला नेणारी नळी. २०२० सालच्या फोर्डच्या शेल्बी जीटी-५०० या शर्यतीच्या जातीच्या गाडीला बॉनेटवर मोठी जाळी आहे, आणि तिच्याखाली काढता-घालता येणारं ॲल्युमिनियमचं तबक आहे, ते पावसासाठीच. एवढ्या महागड्या गाडीलाही शेवटी पन्हळ लावावी लागली!

भावाच्या जीपचं पुढं काय केलं ते सांगतो. गावातल्या पत्र्याचं काम करणाऱ्यानं कल्ले काढून उलट्या तोंडाच्या चिरा बसवल्या आणि खाली तबक दिलं. हवेच्या डब्याचं तोंड भोकाखालून हलवून कडेला नेलं, आणि त्यावर खाली तोंड असलेली टोपी घातली. ही टोपी किती रुंद करायची, यावर मात्र आमचा वाद झाला. त्याचं म्हणणं, तोंड जितकं बारीक तितकं पाणी कमी. मी कागद घेऊन बसलो. मिनिटाला ३,००० लिटर म्हणजे सेकंदाला ५० लिटर. तोंड ५० चौरस सेंटिमीटरचं ठेवलं, तर हवा सेकंदाला १० मीटर वेगानं आत धावेल. इतक्या ओढीपुढं मोठा थेंबसुद्धा टिकत नाही, तो वर ओढला जातो. तेच तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं केलं, की वेग अडीच मीटरवर येतो, आणि साडेसहा मीटरनं पडणारा थेंब आपल्या वाटेनं खाली निघून जातो. म्हणजे रुंद तोंडातून पाणी कमी जातं. पत्रेवाल्याला हे पटलं नाही, पण त्यानं करून दिलं.

ही सगळी टोपी वरच्या पावसासाठी, हे मात्र विसरू नका. खालून चढणाऱ्या पाण्यापुढं तिचं काही चालत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी रस्ते बुडाले, गाड्या बुडाल्या, आणि कितीतरी इंजिनं गाडीच्या नाकातून पाणी आत ओढून बंद पडली. पुष्कळ मोटारींचं हवेचं तोंड पुढच्या दिव्यामागं असतं, फार उंचावर नसतं. पाण्यात वेगानं घुसलं की पुढं लाट उठते आणि ती नेमकी तिथं पोहोचते. फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबावं. इंजिनाची गोष्ट नंतरची, गुडघाभर वाहतं पाणी लहान गाडीला उचलूनच नेतं. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा किल्ली मारू नका. ढकलून किंवा ओढून बाहेर काढा आणि मिस्त्रीला बोलवा. तो प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हळूहळू फिरवील आणि आतलं पाणी बाहेर काढील. जाता जाता, विम्याचे कागदही एकदा वाचा. पाणी ओढून इंजिन गेलं तर साध्या विम्यात ते नुकसान पुष्कळदा धरत नाहीत, त्यासाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागते.

मृगाच्या आधी आपण घर शाकारतो. तसं गाडीचंही करावं. काचेच्या बुडाशी झाडाची पानं साचून पाण्याची वाट बुजलेली असते, ती मोकळी करावी. हवेच्या डब्याच्या तळाचं छिद्र काडीनं साफ करावं. डब्याच्या झाकणाच्या कड्या घट्ट बसतात का ते बघावं. बॉनेटला जाळी असेल, तर गाडी बंद ठेवून तिच्यावर कळशीभर पाणी सावकाश ओतावं, आणि लगेच बॉनेट उघडून आत थेंब कुठंकुठं पडले ते बघावं. भाऊ हे दरवर्षी करतो. तो कळशी ओततो आणि त्याची धाकटी मुलगी बॅटरी घेऊन आत वाकून सांगते, "आबा, डबा कोरडा हाय." गेल्या वर्षी ती म्हणाली, "प्लगाच्या बाजूला एक थेंब पडला." नळी निसटली होती. ती पुन्हा बसवली, आणि मग जीप घाटात गेली.