जुन्या पेट्रोलपंपांचा जीर्णोद्धार

जुनी नाणी, टपालाची तिकिटे, हस्तलिखिते यांचा संग्रह करणाऱ्या माणसाकडे समाज आदराने पाहतो. पण एखाद्याने रस्त्याकडेचा, गंज चढलेला, नळी तुटलेला पेट्रोलपंप मालमोटारीत घालून घरी आणला, तर शेजारी काय म्हणतील याची कल्पना करणे कठीण नाही. अमेरिकेत असे गृहस्थ पुष्कळ आहेत. पंप, त्यांवरील काचेच्या हंड्या, तेल-कंपन्यांच्या पाट्या आणि डबे या सर्व वस्तूंना त्यांनी 'पेट्रोलियाना' असे एक भारदस्त नावही दिले आहे. आयोवा राज्यातील डे मॉईन येथे या वस्तूंचा बाजार भरत आला आहे आणि तेथे दोन पंपांतील एवढ्यातेवढ्या फरकावरून दोन वयस्क माणसे तासन् तास वाद घालीत बसतात.

हा वाद पोरकट नाही, असे मला वाटते. पेट्रोलपंप हा नुसता उपसा करणारा हापसा असता, तर गोष्ट वेगळी होती. तो मुळात एक माप आहे. आपल्याकडील पायली, शेर, अदपाव ज्या कुळातले, त्याच कुळातला तो. आणि मापाचा इतिहास म्हटला की विकणारा आणि घेणारा यांच्यामधील विश्वासाचा इतिहास त्यात ओघाने आलाच.

या यंत्राचा जन्म मोटारीसाठी झाला नाही. तो झाला रॉकेलसाठी. इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या शहरात सिल्व्हेनस बाउझर नावाच्या माणसाने 1885 साली एक हातपंप तयार करून गावातील एका किराणा दुकानदाराला विकला. रॉकेलच्या पिंपाची गळती लागून शेजारचे लोणी नासले आणि गिऱ्हाईक भांडायला आले, त्यातून ही कल्पना निघाली अशी कथा सांगतात. खरी असो वा रचलेली असो, रेशनच्या दुकानात पिंप, नरसाळे आणि लिटरचे माप पाहत ज्यांचे बालपण गेले, त्यांना ती अगदी घरची वाटेल. बाउझरच्या त्या पहिल्या यंत्रात संगमरवरी झडपा होत्या आणि लाकडी दट्ट्या होता. पुढे मोटारी आल्या. तेव्हा पेट्रोल किराणा भुसाराच्या किंवा लोखंडी सामानाच्या दुकानात डब्याने मिळे, आणि कचरा जाऊ नये म्हणून ते मऊ चामड्यातून गाळून टाकीत ओतावे लागे. बाउझरने 1905 साली पेट्रोलसाठी स्वतःच मोजणारा पंप बाजारात आणला. त्याचे नाव तर भाषेतच शिरले. विमानात इंधन भरणाऱ्या टाकीच्या गाडीला आपल्याही विमानतळांवर 'बाउझर' म्हणतात, तो शब्द या गृहस्थाच्या आडनावावरून आलेला आहे. वेन आणि टोकहाइम या दोन मोठ्या कंपन्यांचे कारखानेही पुढे त्याच फोर्ट वेनमध्ये होते. त्यामुळे या छंदातील मंडळींना ते गाव म्हणजे एक क्षेत्रच वाटते.

पण या पहिल्या पंपांत एक उणीव होती. पेट्रोल जमिनीखालच्या टाकीतून येई, लोखंडी पेटीतून जाई आणि नळीवाटे थेट मोटारीत पडे. घेणाऱ्याला ते दिसतच नसे. पाच गॅलन म्हणून पाचच मिळाले की साडेचार, हे देवाला आणि दुकानदाराला ठाऊक. मापात पाप हा प्रकार काही एका देशापुरता नसतो. या संशयावर उपाय म्हणून 1915 च्या सुमारास जो पंप पुढे आला, तो आज संग्राहकांचा सर्वांत लाडका आहे. त्याला 'दृश्य पंप' म्हणता येईल. सुमारे दहा फूट उंचीचा लोखंडी खांब, त्याच्या माथ्यावर काचेचे मोठे नळकांडे, आणि खाली एक लांब दांडा. नोकराने दांडा मागेपुढे हलवला की पेट्रोल वर चढून काचेत भरे. बहुतेक नळकांडी दहा गॅलनांची, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे 38 लिटरांची असत. दहा गॅलनांच्या वर चढलेले पेट्रोल एका आडव्या वाटेने परत टाकीत उतरे, म्हणून पातळी नेमकी राही. काचेच्या आत गॅलनांचे आकडे लावलेले असत, आणि त्यांतील गंमत अशी की ते वरून खाली वाढत जात. मोटारवाल्याला काचेत किती उरले याच्याशी कर्तव्य नव्हते. आपल्याकडे किती आले हे त्याला पाहायचे होते. मग नळी सोडली की पृथ्वीच्या ओढीने पेट्रोल खाली येई आणि गिऱ्हाईक मान वर करून एकेक आकडा उघडा पडताना पाही.

एवढे करूनही लबाडीला पूर्ण आळा बसला असे मात्र नाही. नळी नीट निथळू दिली नाही तर शेवटचा घोट नळीतच राही. म्हणून जाणते गिऱ्हाईक नळी उचलून धरायला लावी.

पेट्रोल काचेतून दिसू लागल्याबरोबर त्याच्या रंगालाही महत्त्व आले. कंपन्या आपापले पेट्रोल रंगवू लागल्या. 1923 साली ओहायोतील डेटन येथे शिशाचे संयुग मिसळलेले पेट्रोल प्रथम विक्रीस आले. इंजिनातील ठोके थांबवणारे ते 'एथिल' पेट्रोल रंगवलेले असे. त्या रंगाची शोभा काचेत कितीही खुलली, तरी त्या शिशाने पुढे साऱ्या जगाच्या हवेत विष कालवले. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी त्यावर 1996 साली बंदी आली, आपल्याकडे ते 2000 साली बंद झाले. जुन्या पंपावर 'एथिल'ची पाटी असली तर त्याची किंमत चढते. इतिहासाला असा न्याय अन्याय कळत नाही.

यानंतरच्या पिढ्या थोडक्यात सांगतो. 1920 नंतरच्या दशकाच्या अखेरीस वीज आली, काचेचे नळकांडे गेले, आणि घड्याळासारख्या तबकडीवर काटा फिरू लागला. तो गॅलन दाखवी, पण पैशांचा हिशेब करीत नसे. 1930 नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत तीही सोय झाली. कनेक्टिकटमधील हार्टफर्ड गावच्या वीडर-रूट कंपनीने दात्यांच्या चाकांचे असे गणकयंत्र केले की गॅलन आणि डॉलर एकाच वेळी फिरावेत. या कंपनीचा पूर्वज सायकलीने किती मैल काटले हे मोजणारे छोटे यंत्र करीत असे, हे लक्षात घेतले म्हणजे ही प्रगती किती सरळ रेषेत झाली ते दिसते. मात्र त्या चाकांना एक मर्यादा होती. एका गॅलनचा दर शंभर सेंटांच्या आतच असणार असे रचनाकारांनी गृहीत धरले होते. 1979 साली दर एका डॉलरच्या पुढे गेला, तेव्हा अनेक ठिकाणी जुन्या पंपांवर अर्ध्या गॅलनचा दर लावून येईल त्या आकड्याची दुप्पट घ्यावी लागली. अशा पंपांची त्यानंतर वेगाने उचलबांगडी झाली.

आता त्या काचेच्या हंडीविषयी. आपल्या जुन्या वाड्यांतून आणि देवळांच्या सभामंडपांतून हंड्या-झुंबरे टांगलेली असत. अमेरिकेत तशी एक हंडी प्रत्येक पंपाच्या डोक्यावर असे. आत दिवा लावला की रात्री दुरून कंपनीचे चिन्ह दिसे आणि पेट्रोल मिळेल हे कळे. स्टँडर्ड ऑईलची हंडी दुधी काचेच्या मुकुटाची, शेलची शिंपल्याच्या आकाराची. आधीच्या हंड्या अखंड काचेच्या असत. नंतर धातूच्या किंवा काचेच्या कड्यात दोन बाजूंनी दोन भिंगे बसवण्याची पद्धत आली. पंप लोखंडाचा म्हणून टिकला, हंडी पोरांच्या दगडाने फुटली. त्यामुळे आज एखादी दुर्मिळ हंडी तिच्याखालच्या संपूर्ण पंपापेक्षा महाग जाते. त्यातही मोठ्या, सर्वत्र पसरलेल्या कंपन्यांपेक्षा दोन-चार जिल्ह्यांपुरत्याच चाललेल्या छोट्या कंपनीच्या हंडीला जास्त मोल, कारण ती मुळातच थोडी बनली.

पंपांचे आयुष्यही तसे कष्टाचेच. 1942 साली युद्धासाठी भंगार गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यांत कितीतरी जुने लोखंड वितळले. 1956 च्या कायद्याने रुंद राजरस्ते बांधण्यास सुरुवात झाली आणि जुने रस्ते ओस पडले. शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारा सुप्रसिद्ध 66 क्रमांकाचा रस्ता 1985 साली अधिकृत यादीतून काढण्यात आला. अशा मागे पडलेल्या रस्त्यांच्या कडेचे पंप कोणी उचलले नाहीत, म्हणूनच ते वाचले. एडवर्ड हॉपर या चित्रकाराने 1940 साली 'गॅस' या नावाचे एक चित्र काढले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ते आहे. संधिप्रकाश, झाडीत शिरणारा निर्जन रस्ता आणि त्याच्या कडेला उभे असलेले तीन लाल पंप, जवळ एकच माणूस. हा छंद त्या माणसांना का जडला असेल, हे मला तरी त्या चित्रावरून कळले.

असा पंप हाती आल्यावर त्याचे मोल कसे करावे? चकचकीतपणा पाहून तर मुळीच नाही. जाणकार प्रथम त्याची नाव-क्रमांकाची धातूची पाटी शोधतो. मग काच, तोटी, तबकडी, आतील गणकयंत्र हे सर्व जागेवर आहे की नाही ते पाहतो. कारण पत्रा ठोकून नवा करता येतो, पण ओतीव बिडाचा तडकलेला भाग किंवा हरवलेले गणकयंत्र शोधण्यात वर्षे जातात. गंजलेला पण पूर्ण पंप हा रंगवलेल्या पण अपुऱ्या पंपापेक्षा केव्हाही बरा. वेन कंपनीच्या 60 क्रमांकाच्या पंपासारखे काही घाट सर्वांनाच हवेसे वाटतात. फ्राय कंपनीच्या एका डौलदार दृश्य पंपाला तर त्याच्या बांध्यावरून मे वेस्ट या सिनेनटीचे नाव मिळाले आहे, आणि ते विक्रीच्या वेळी कामी येते! शिवाय नकलांचे भय आहेच. हंड्यांची भिंगे, तबकड्या, पाट्या यांच्या नव्या प्रती सर्रास मिळतात. प्रत म्हणून विकली तर तीत गैर काही नाही. जुनी म्हणून विकली की पुन्हा तेच, मापात पाप.

खरा पेच जीर्णोद्धाराच्या वेळी पडतो. आपल्याकडे कोरीव दगडी खांबांवर ऑईलपेंट फासून देऊळ 'सुधारण्याची' हौस अनेक गावांना असते. या छंदातही तसेच घडते. पंप एका कारखान्यात बनला, मग मालकाने कंपनी बदलली की त्यावर नवा रंग आणि नवी अक्षरे आली, पुन्हा बदलली की पुन्हा. रंगाच्या पुटाखाली पुट. ही पुटे घाईने वाळूच्या माऱ्याने उडवली तर दोन तोटे होतात. एक तर पातळ पत्रा वेडावाकडा होतो, आणि दुसरा तोटा असा की त्या पंपाने कोणकोणत्या घरी चाकरी केली याची साक्ष कायमची पुसली जाते. मग कोऱ्या पत्र्यावर बाजारात खपणारे नाव चढते. आयुष्यभर एखाद्या खेड्यातील छोट्या कंपनीचे पेट्रोल विकलेल्या पंपावर टेक्साकोचा तारा किंवा मोबिलचा पंख असलेला घोडा झळकू लागतो. माझ्या मते हा जीर्णोद्धार नव्हे. जे यंत्र गिऱ्हाइकाला खरे तेच दिसावे म्हणून निर्माण झाले, त्याच्याच अंगावर खोटा लेख कोरणे हे विसंगत आहे. ज्या पंपाचा रंग थोडाफार शाबूत आहे, त्याला धुऊन, पुसून, मेणाचा हात देऊन तसाच ठेवणारे संग्राहक आहेत, आणि अशा पंपांना चांगला भावही येतो. पत्रा सडलाच असेल तर रंगवण्याला इलाज नाही. पण आधी कोपऱ्यात, आतल्या बाजूला, दाराच्या मागे हलक्या हाताने खरवडून मूळ रंग पाहावा, छायाचित्रे काढावीत आणि तोच रंग द्यावा.

काम करताना जपावे लागते. वर्षानुवर्षे बंद असलेल्या पंपाच्या पोटातही पेट्रोलची वाफ राहू शकते. तेथे ठिणगी नको. जुन्या रंगात शिसे असते, त्याची धूळ फुप्फुसात जाता कामा नये. प्रत्येक स्क्रू कोठला हे चिठ्ठी बांधून ठेवावे, कारण उकललेला पंप महिनाभराने पुन्हा जोडायला बसल्यावर स्मरणशक्तीचा काही भरवसा नसतो.

आपल्या भागातही याचे धागे आहेत. बर्मा-शेल, कॅलटेक्स, एसो ही नावे एके काळी आपल्या रस्त्यांवर होती. 1974 ते 1976 या काळात त्या कंपन्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि पाट्या उतरल्या. आजही पेट्रोल घेताना यंत्रावरचे नाव वाचले तर कित्येक ठिकाणी 'गिलबार्को' दिसेल. ही मॅसॅच्युसेट्समधील गिल्बर्ट आणि बार्कर यांची जुनी पेढी. एखाद्या जुन्या गॅरेजच्या मागे, गवतात, असा एखादा पंप आडवा पडलेला आढळला, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एवढे करावे: त्याची क्रमांकाची पाटी उचकटून घेऊ नये, आणि आकड्यांची चाके हाताने फिरवून शून्यावर आणू नयेत. शेवटच्या गिऱ्हाइकाने किती पेट्रोल घेतले आणि कोणत्या दराने, ते त्यावर अजून लिहिलेले असेल.