घराण्याचा रोग आणि आपलें कर्तव्य
(धर्मग्रामाच्या जुबिलीप्रसंगीं केलेलें भाषण)



जुबिलीच्या वर्षीं देवाचे उपकार आठवावे, ही चाल जुनी आहे. परंतु आज आम्ही एका दुःखाविषयीं बोलणार आहों. आमच्या कळपांतील एका मातेला आम्हीं अंत्याभ्यंग दिलें. पित्याप्रमाणेंच तिचींहि मूत्रपिंडें निकामी झालीं होतीं. दफनानंतर तिचा थोरला मुलगा आमच्याकडे येऊन म्हणाला, "फादर, आमच्या घराला कोणाचें पाप भोंवतें आहे?"

जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनींहि प्रभूला असेंच विचारलें होतें. प्रभूनें दोष ना त्याच्यावर ठेवला, ना त्याच्या आईबापांवर. आम्हीं हेंच सांगितलें. पण तो स्वतः दोन लेकरांचा बाप. त्यांचें पुढें काय, हा त्याचा खरा प्रश्न होता. म्हणून वैद्यकशास्त्र काय म्हणतें, हें जाणून घेणें आम्हांस भाग पडलें.

या रोगांत मूत्रपिंडांत पाण्यानें भरलेल्या गांठी वाढत जातात, आणि साठीपर्यंत सुमारें निम्म्या रोग्यांचीं मूत्रपिंडें निकामी होतात. मूळ दोष बहुधा सोळाव्या गुणसूत्रावरील एका जनुकांत, कांहीं घराण्यांत चौथ्या गुणसूत्रावरील दुसऱ्या जनुकांत असतो. आईबापांपैकीं एकाला रोग असल्यास प्रत्येक अपत्याला तो येण्याचा संभव निम्मा. ज्याला दोष आलाच नाहीं, त्याच्यापासून तो पुढेंहि जात नाहीं.

आनुवंशिकतेचे हे नियम प्रथम ओळखले ते ऑगस्टिनियन मठवासी ग्रेगोर मेंडेल यांनीं, मठाच्या बागेंतील वाटाण्यांवरून. १८६६ सालीं त्यांचा निबंध छापला गेला. १८८४ सालीं ते मूत्रपिंडाच्याच विकारानें वारले.

२०१२ सालीं जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पेंतिए या विदुषींनीं जनुक नेमक्या जागीं कापण्याचें 'क्रिस्पर' नामक साधन दाखविलें. २०२० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. २०२३ सालीं ब्रिटन व अमेरिका येथें सिकलसेल रोगावर या साधनानें केलेल्या उपचारास मान्यता मिळाली. मूत्रपिंडाचें काम मात्र अवघड आहे. रक्तांतून सोडलेलें औषध बहुतांशीं यकृतांत जातें. मुख्य जनुक इतकें मोठें, कीं औषध वाहून नेणाऱ्या निरुपद्रवी विषाणूंत तें मावत नाहीं. शिवाय त्याच गुणसूत्रावर त्याच्यासारखींच दिसणारीं सहा निकामी प्रतिरूपें आहेत. तरी आशा आहे. २०२१ सालीं येल विद्यापीठाच्या संशोधकांनीं उंदरांत हें बंद पडलेलें जनुक पुन्हां चालू केलें, तेव्हां वाढलेलीं मूत्रपिंडें आकसलीं.

ख्रिस्तसभेला हें मान्य आहे काय, असें कोणी विचारील. २००८ सालच्या 'दिग्नितास पर्सोने' या लेखांत धर्मसभेनें सांगितलें आहे, कीं रोग्याच्याच शरीरांतील दोष बरा करण्याचा उपचार तत्त्वतः योग्य आहे. परंतु पुढील पिढ्यांत उतरणारा फेरबदल, त्याचे धोके ठाऊक असतां, आज योग्य नाहीं. २०१८ सालीं चीनमध्यें गर्भबीजांत असा फेरबदल करून जुळ्या मुली जन्मास आणल्याचें उघड झालें, तेव्हां जगानें त्याचा निषेध केला, व करणाऱ्यास तुरुंगवास झाला.

मग तोंवर हात जोडून स्वस्थ बसावें काय? मुळींच नाहीं. ज्यांच्या घरांत हा रोग आहे, त्यांनीं तो लपवूं नये. सोयरीक मोडेल या भीतीनें तपासणी टाळूं नये. रक्तदाब आटोक्यांत ठेवावा, मीठ कमी खावें, वैद्याच्या सल्ल्यानें चालावें. आणि जे निरोगी आहेत, त्यांनीं अवयवदानाचा विचार करावा. संत पोप दुसरे जॉन पॉल यांनीं तें प्रीतीचें कृत्य म्हणून गौरविलें आहे.

त्या मुलानें अखेर तपासणी केली. रोग निघाला. चाळिशी ओलांडलेली त्याची बहीण मात्र निर्दोष निघाली. आणि वेळ आल्यास आपलें एक मूत्रपिंड भावाला देण्यास ती आजच सिद्ध आहे. लेकरांसाठीं उद्यां जनुकांचा उपचार निघो, अशी आम्ही प्रार्थना करितों. पण बहिणीच्या या शब्दानें त्या घरांतली भीति आजच अर्धी झाली आहे, हें आम्हीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे.

प्रभु आपणां सर्वांस आरोग्य व धैर्य देवो. आमेन.