गोराडू : मही खोऱ्यातील मातीचे गुण आणि वर्ग



साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावरून मातीविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु जमिनीला नाव देणे हा भाषेचाच व्यवहार आहे. नाव काय देतो, त्यावर त्या जमिनीला आपण कसे वागवतो हे पुष्कळसे ठरते. म्हणून बडोद्याच्या वेशीबाहेर, मही नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या गोराडू मातीचा विषय आज मी घेतला आहे.

आपण मराठी माणसे जमिनीचा विचार करताना नकळत काळ्या रंगापासून सुरुवात करतो. काळी म्हणजे कसदार; बाकी तांबडी, बरड, मुरमाड हा उतरता क्रम. या समजुतीला सरकारी दप्तराचाही आधार मिळाला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पाहणी सुरू केली, तिच्यात जमिनीची प्रत आण्यांत मांडली जाई. पावणेदोन हात खोल, एकजीव पोताची काळी जमीन १६ आण्यांची. तेवढ्याच खोलीची, पण जाडसर पोताची, बहुधा तांबूस जमीन १४ आण्यांची. मग दोष मोजून प्रत खाली उतरवायची. ही पद्धत दख्खनच्या जमिनीसाठी बसवलेली होती आणि तिथे ती उपयोगी ठरली. दख्खनची माती बहुधा खालच्या काळ्या पाषाणावरच तयार झालेली असल्याने खोली आणि रंग पाहिला की बरेच कळते.

मही खोऱ्यात हा हिशेब लागू पडत नाही. इथली माती जागच्या खडकाची नाही. ती बाहेरून आलेली आहे. मही मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात उगम पावते, राजस्थानातील वागड प्रदेशातून वळसा घेऊन गुजरातेत उतरते आणि खंभातच्या आखाताला मिळते. हजारो वर्षे तिने आणलेल्या गाळाचे थर इथे साचले आणि त्यांवर कोरड्या काळात वाऱ्याने आणलेल्या बारीक मातीचा थर पसरला. नदीकाठच्या उभ्या दरडी काही ठिकाणी तीस मीटरहून उंच आहेत. त्यांत हे थर उघड्या डोळ्यांनी मोजता येतात. अशा जागी ‘माती किती हात खोल?’ हा प्रश्नच फोल ठरतो.

मग विचारायचे काय? पहिला प्रश्न कणांचा. मातीत तीन आकारांचे कण असतात. वाळू दोन मिलिमीटरपासून ०.०५ मिलिमीटरपर्यंत, पोयटा त्याखाली ०.००२ पर्यंत, आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. गोराडूमध्ये वाळू आणि पोयटा यांचे प्राबल्य असते. रेताड पोयट्यापासून गाळवट पोयट्यापर्यंत तिचे पोत जागेनुसार बदलते. परीक्षा घरी करता येते. बरणीत मूठभर माती घालून पाणी भरा, नीट हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात तळाला बसते ती वाळू. पुढच्या काही तासांत बसतो तो पोयटा. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते ती चिकणमाती. कोरडा पोयटा बोटांत चोळला तर पिठासारखा मऊ लागतो. ओल्या मातीची वळकटी करू गेलात तर ती थोडी वळते आणि तुटते.

या मऊपणात तिचे सारे गुण आहेत. नांगराला ती हलकी. पाणी तिच्यात मुरते, आणि पोयट्यामुळे मुळांना घेता येईल अशी ओलही टिकते. मुळे खोल जातात. चरोतरातील तंबाखू, केळी, बटाटा ही पिके याच मातीवर उभी आहेत. उणीवही स्पष्ट आहे. सेंद्रिय अंश आणि नत्र कमी, खालच्या थरात चुनखडीचे खडे. पेरणीनंतर जोराचा पाऊस पडून ऊन तापले की वर कडक खपली धरते आणि कोंब आत अडतो.

आता वर्गाकडे येऊ. १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली मृदावर्गीकरणाची पद्धत आज आपल्या देशातही वापरली जाते. तिच्यात रंगाला एकट्याने महत्त्व नाही. मातीत थर किती घडले, हे ती विचारते. तिच्या गणांची नावे अवजड वाटतात, पण ती आपल्या समासांसारखी आहेत, शेवटाकडून सोडवायची. ‘हॅप्लुस्टेप्ट’ घ्या. शेवटचा ‘एप्ट’ म्हणजे ‘इन्सेप्टिसॉल’, घडणीची नुकती सुरुवात झालेली माती. मधला ‘उस्ट’ म्हणजे पावसाळ्यानंतर दीर्घ कोरडा काळ असणारी. आरंभीचा ‘हॅपल’ म्हणजे साधी. गोराडूपैकी पुष्कळशी जमीन या वर्गात बसते.

गंमत अशी, की इथल्या शेतकऱ्याने ही विभागणी आधीच केलेली आहे. नदीच्या पात्रालगतची, पुराबरोबर नवी होणारी जमीन ती ‘भाठा’; शास्त्राच्या भाषेत ‘एन्टिसॉल’, थर न घडलेली. वरच्या सपाटीवरची ‘गोराडू’ म्हणजे ‘इन्सेप्टिसॉल’. डभोई-करजणकडची, उन्हाळ्यात भेगाळणारी ‘काळी’ म्हणजे ‘व्हर्टिसॉल’, स्वतःला उलटवून घेणारी. गोराडू आणि काळी यांच्यामधली ती ‘बेसर’. हे मेळ ढोबळ आहेत, पण शेतकऱ्याच्या शब्दांमागची नजर किती पारखी होती, हे त्यांतून कळते. आपण मात्र ‘काळी नाही म्हणजे दुय्यम’ म्हणत राहिलो, तर तो शब्द ऐकूनही न ऐकल्यासारखे होईल.

याचा आपल्याशी प्रत्यक्ष संबंध काय? आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलार्जित जमिनी या पट्ट्यात आहेत. काहींनी नदीकाठी अलीकडे भूखंड घेतले आहेत. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की जो पोयटा पिकाला मानवतो तोच पाण्याबरोबर सर्वांत सहज निघून जातो. वाळूचा कण जड, म्हणून मागे राहतो. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात. पोयट्याला वजनही नाही आणि बंधही नाही. विंगेटच्या दोषांच्या यादीत ‘मातीत बंध नसणे’ हा एक दोष होताच.

त्यातून मही खोल कापलेली नदी. शेतातले पाणी काठावरून खाली पडते, तिथे खळगा होतो, आणि तो खळगा दर पावसाळ्यात मागे, म्हणजे शेताकडे सरकतो. कधी पाणी जमिनीखालून बोगदा पाडते आणि वरचे छत एकदम बसते. अशा घळींना इथे ‘कोतर’ म्हणतात. सावलीच्या बाजूला आणि वासदच्या परिसरात त्यांचे जाळे पाहायला मिळते. वासदला गेल्या शतकाच्या मध्यापासून मृद्‌संधारणाचे संशोधन केंद्र आहे, तेही याच घळींमुळे.

उपाय साधे आहेत, पण क्रम महत्त्वाचा. प्रथम घळीच्या तोंडाशी पाणी जाऊ द्यायचे नाही. शेताच्या कडेला बांध घालून ते सुरक्षित वाटेने उतरवायचे. मग घळीत गवत आणि बांबू लावून ती झाकायची. काठालगत नांगर फिरवायचा नाही. वरची फूटभर माती विटांसाठी विकायची नाही, कारण जो काही सेंद्रिय अंश आहे तो तिथेच आहे. आणि कालवा आला म्हणून पाणी बेसुमार द्यायचे नाही. महीच्या उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात पाणथळ आणि खारट झालेल्या जमिनींनी हा धडा दिलेला आहे.

घरातल्या कागदपत्रांत आपल्या जमिनीला कोणते नाव दिले आहे, ते एकदा काढून पाहा. पावसाळ्यापूर्वी एक फेरी काठापर्यंत मारा, आणि कोतराचे तोंड बांधापासून किती पावलांवर आले आहे ते मोजून त्याच कागदावर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. अंतर कमी झाले असेल, तर बांध त्याच वर्षी घालायला हवा.