दोन रंगांची सीमा

पोळा जवळ आला म्हणजे खानदेशांत बैलांच्या शिंगांना रंग लागतो; आणि ज्याच्या दारीं अजून गाडी किंवा दमणी आहे, तो शेतकरी तिच्याही चाकांना रंग देववितो. साक्रीवरून तर धुळ्याहून सुरतेकडे जाणारा हमरस्ता गेलेला. त्यामुळें रंगविलेल्या मालमोटारीही तेथें नित्य दृष्टीस पडतात. या सर्व कामांत जाणत्याची नजर प्रथम जाते ती रंगाकडे नव्हे, तर दोन रंग जेथें एकमेकांस भेटतात त्या कडेकडे. कड फुटली असेल तर उंची रंगही हलका दिसतो. कड स्वच्छ असेल तर साध्या रंगालाही शोभा येते.

ही कड केवळ हातच्या कौशल्यानें साधते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. कड बिघडते ती बहुधा कुंचला हातीं घेण्यापूर्वींच. लाकडाच्या भेगा उघड्या राहिल्या कीं पातळ रंग त्यांतून सीमेपलीकडे जातो. बांधाला उंदरानें बीळ पाडावें आणि पाणी शेजारच्या वाफ्यांत शिरावें, तसाच हा प्रकार. म्हणून लाकूड पूर्ण सुकलेलें असावें. भेगांत लांबी भरून काचकागदानें घासावें, अस्तराचा हात द्यावा, व तो वाळल्यावर पुन्हां हलकेंच घासावें. मग फिकट रंग देऊन तो चांगला वाळूं द्यावा. पोळ्याच्या तोंडावर गाडी आणणाऱ्याची घाई येथेंच नडते. पावसाळी हवेंत तेलरंग सावकाश वाळतो, आणि कच्च्या रंगावर लावलेली चिकटपट्टी निघतांना रंगाचे पापुद्रे घेऊन येते.

या पट्टीचा जन्मही अशाच अडचणींतून झाला. अमेरिकेंत दुरंगी मोटारींची हौस वाढली, तेव्हां चिकटविलेले कागद काढतांना रंग उखडूं लागला. मिनेसोटा राज्यांतील काचकागद करणाऱ्या एका कंपनींतील रिचर्ड ड्रू यानें तें पाहून १९२५ सालीं सहज सुटणारी कागदी पट्टी सिद्ध केली.

पट्टी लावल्यावर तिची कड अंगठ्यानें नीट दाबावी आणि तीवरून प्रथम खालचाच रंग पातळ ओढावा. फट असेल ती त्यानेंच बुजते. तो आंत शिरला तरी खालच्या रंगांत मिसळून जातो. तो वाळल्यावर दुसरा रंग पातळ दोन हातांनीं द्यावा. जाड थरानें कडेला बांध उभा राहतो. शेवटचा हात अजून मऊ आहे तोंच पट्टी तिच्याच अंगावर मागें दुमडून संथपणें काढावी. रंग पुरता कडक झाल्यावर काढली तर कडेला दांते पडतात.

समुद्राच्या लाटांवर उभें राहून खेळण्याची जी फळी, म्हणजे सर्फबोर्ड, ती रंगविणारेही हीच रीत पाळतात; शिवाय दोन रंगांच्या सांध्यावर बारीक रेघ ओढून सांधा झांकतात. गाडीच्या चाकावर रेघ ओढणारा कुंचला स्थिर धरतो आणि चाक फिरवितो. मात्र रेघेनें कडेचा लहानसा दोष झांकतो, ओलें लाकूड झांकत नाहीं.

एक सावधगिरी अवश्य ठेवावी. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिसें दशलक्षांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतांत २०१६ सालीं झाले. त्यापूर्वींच्या रंगांत शिसें अधिक असण्याचा संभव आहे. तसला थर कोरडा घासूं नये. ती धूळ पोटांत गेल्यास मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो. थर ओला ठेवून घासावा, मुलांना दूर ठेवावें, आणि निघालेला गाळ गोळा करून टाकावा.

रंगाऱ्यानें कुंचला चालविला तेवढाच वेळ गिऱ्हाईक काम म्हणून मोजतें. रंग वाळत असतांना तो थांबतो, तें त्याला आळसाचें वाटतें. वस्तुतः कडेची सफाई त्या थांबण्यांतच असते. म्हणून शहाण्या शेतकऱ्यानें सणाच्या पंधरा दिवस आधींच गाडी रंगाऱ्याच्या दारीं सोडावी, आणि मजुरी ठरवितांना त्याच्या थांबण्याचेंही मोल धरावें.